कड्यावरचा वारा

बुलढाण्याची हवा थंड, असं कौतुकानं सांगणारी माणसं दोन दिवस डाकबंगल्यात राहून गेलेली असतात. घाटावर राहायचं म्हणजे काय, ते झुंबरबाईला विचारावं. पातळ माती, खाली खडक, आणि पिकलेलं घरात येईस्तोवर आभाळाचा भरवसा नाही.

देऊळघाटच्या पुढं, अगदी कड्यालगत तिचं गाव. गावाची सगळी खळी माळावर, कारण उफणायला वारा तिथंच. घाटाखालचं रान तापलं की दुपारनंतर तो कडा चढून वर येतो आणि दिवस कलला की पडतो. तेवढ्यात तिपायीवर उभं राहून ज्वारी वाऱ्यावर धरायची. भूस उडतं, दाणा खाली पडतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या माघात झुंबरबाईची मळणी आटोपली आणि ती खळ्यावर येऊन पाहते तर वारा नाही. चुलतदीर रंगराव पाटलानं आपली ज्वारी आधी उफणून घेतली होती आणि कडब्याची घराएवढी उंच गंजी नेमकी कड्याच्या बाजूला रचली होती. तिचं खळं गंजीच्या आडोशाला कोंडून गेलं होतं.

"भाऊजी, गंजी सरकवा."

"काऊन? वारा का तुमच्या नावावर लिहून देल्ला हाय, वहिनी?"

"आभाय पाहा जरा. गारा आल्या तं वर्षभर काय खावाचं आमी, तुमचा कडबा?"

"खा ना! दूध तरी देसान."

गडी फिदीफिदी हसले. तिचा नवरा कडूबा दम्याचा माणूस. तो खाली मान घालून खोकत राहिला. याचा तिला पाटलापेक्षा जास्त राग आला.

पोती भरून तिनं डोक्यावरून थेट कड्याच्या टोकाशी नेली, गंजीच्याही पुढं, जिथं गायरानाची पट्टी होती. तिपायी ओढत नेली.

"चढा," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाटलाच्या तोंडासमोर? लोक काय म्हनतीन?"

मग तीच चढली. बाई तिपायीवर चढली की रास आटते, असं गाव मानायचं. बाईनं पाट्या भरभरून कमरेचा काटा ढिला करायचा, त्यानं रास आटत नाही. ती वर चढली की आटते! धन्य तो शहाणपणा.

वारा जोरात होता. दाणे तिच्या पायाशी पडले आणि भूस उडालं ते गंजीच्या बाजूनं वळून रंगरावाच्या निवडून ठेवलेल्या, पूजा केलेल्या राशीवर बसू लागलं. पिवळ्या ज्वारीवर राखाडी थर चढला.

"वहिनी, उतरा खाली! रास नासली माही!"

"गंजी हालवा, मंग उतरतो."

"कडूबा, बायकोले आवर बे!"

कडूबा उठला. सगळ्यांना वाटलं, आता हात धरून खाली ओढतो. त्यानं तोंडाला उपरणं गुंडाळलं, पाटी भरली आणि तिच्या हाती दिली. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

अखेर रंगरावानं शिव्या घालत गडी लावले. गंजी मोडेपर्यंत दिवस कलला. बोलल्याप्रमाणे ती उतरली आणि दोघं नवराबायको उरलेली पोती घेऊन आपल्या खळ्यावर परतली तेव्हा वारा पडत आला होता. एक तृतीयांश ज्वारी उफणायची राहिली, आणि ती झाकायच्या आत टपोरे थेंब आले. त्यामागून गारा.

भिजलेले दाणे काळे पडले. ती ज्वारी तिनं विकली नाही, जनावरालाही घातली नाही. जात्यावर दळली. विहिरीवर रंगरावाची बायको गोजरबाई भेटली की काळपट भाकरीचा तुकडा तिच्यासमोर धरून ती म्हणायची, "घ्या, जाऊबाई, चाखा. तुमच्या घरची करनी हाय."

दुसऱ्या बायका सांगायच्या, जाऊ दे आता, झालं ते झालं.

"मी काऊन जाऊ देऊ?" झुंबरबाई म्हणायची आणि बादली विहिरीत सोडायची.