ड्रायरमधला बिघाड सापडेना

गेल्या रविवारी बोईसरला सकाळपासून पाऊस धरून होता आणि मी मागच्या पडवीत ड्रायर उघडून बसलो होतो. आठवडाभर एकच तक्रार... कपडे ओलेच, आणि मशीन मात्र काम झाल्याची घंटी वाजवून मोकळं.

आमचा ड्रायर गॅसवर चालतो. विजेवर नुसता ड्रम फिरतो, गरम हवा मिळते ती गॅसच्या बर्नरमुळे. कंपनीत प्रोजेक्टसाठी आलेले एक परदेशी साहेब परत जाताना देऊन गेले होते, मग गॅस एजन्सीच्या माणसाकडून तो आपल्या सिलिंडरवर चालेल असा करून घेतला.

तेव्हा घरात आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं. पावसाळ्यात कपडे बाहेर टाकावेत तर एमआयडीसीकडून वारा आला की धुतलेले परत धुवा, हे इथल्यांना सांगायला नको. हिने मशीनचं नाव भट्टी ठेवलं होतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये भट्टीला उसंत नसायची.

ही गेल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा; पहिल्यात भट्टी मी लावलीच नव्हती. आई त्याआधीच गेली, मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला. आणि मी रिटायर्ड मेंटेनन्सवाला, वर्तमानपत्र दोनदा वाचणारा.

खरं सांगू का... मशीन बिघडलं तेव्हा मला वाईट नाही, चक्क बरं वाटलं. सकाळी उठून हात काळे करायला काहीतरी मिळालं. मुलीला उत्साहाने फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाबा, विकून टाका ना, एकट्या माणसाला कशाला हवा ड्रायर? तिचं काही चुकलं नाही, पण मला राग आला आणि तो सगळा मी स्क्रूंवर काढला.

जाळी साफ केली. जाळीवर कपड्यांचा तूस बसतो, तो साठला की हवा कोंडते. मागचा पाइप सोडवून भिंतीबाहेरच्या तोंडापर्यंत ब्रश फिरवला. गॅसच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. बर्नर लगेच पेटत होता, ज्योत छान निळी.

सगळं ठणठणीत. आणि तरी माझे दोन शर्ट, पायजमा आणि टॉवेल ओलेच बाहेर. आमच्या लाइनमधल्या माणसांना एक खोड असते... बिघाड मशीनमध्येच असणार असं धरून चालायचं. म्हणून पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

दुपारपर्यंत तपासायला काहीच उरलं नाही, आणि मला भीती वाटायला लागली. मशीनची नव्हे, उद्याची. उद्या उठून करायचं काय?

तेवढ्यात कंपाउंडवरून प्रतिभाने हाक मारली. शेजारची सून, माहेर नवापूरचं. नवरा शिफ्टला, दोन शाळेतली पोरं आणि सासूबाई घरात. "काका, तुमचं मशीन चालू हाय का? पोरांचे युनिफॉर्म सुकत नाय."

मी म्हटलं, मशीन आजारी आहे, ओलेच परत मिळतील. "मिळू द्या, आतापण ओलेच हायत," म्हणाली आणि बादलीभर कपडे देऊन गेली. युनिफॉर्म, टॉवेल, चादर, सासूबाईंचं लुगडं... स्वतःचा मात्र एक कपडा दिला नाही. शेजारच्या काकांच्या मशीनमध्ये कसा द्यायचा.

ड्रम गच्च भरला. मी घंटी ऐकायला स्टुलावर बसलो, आणि घंटी वाजेचना. भट्टी आपली फिरतेय... पडवीत ऊब आली, काचा धुरकट झाल्या. बऱ्याच वेळाने घंटी झाली तेव्हा कपडे पापडासारखे कडक.

मग डोक्यात प्रकाश पडला. ड्रमच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना घासत राहिले की मशीनला कळतं, अजून ओल आहे. चारच कपडे असले की ते पट्ट्यांना फारसे लागतच नाहीत, आणि मशीन समजतं, झालं काम.

म्हणजे बिघाड नव्हताच. मशीन पाच माणसांच्या घराचं, आणि कपडे एकाचे.

जाळी काढली तर त्यावर निळा, गुलाबी तूस. माझा नुसता पांढरा असतो. तो हातात घेऊन तिथेच बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ही गेली तेव्हा लोक होते, विधी होते, धावपळ होती. एकटा झालोय हे इतकं स्पष्ट मला तेव्हाही कळलं नव्हतं.

यावर उपाय आहे, तोही मला माहीत आहे. नॉब टायमरवर फिरवला की पट्ट्यांचा संबंध राहत नाही, एकट्याचेही कपडे वाळतात. एका सेकंदाचं काम.

प्रतिभा कपडे न्यायला आली. युनिफॉर्म गालाला लावून बघितला. "झालं ना काका नीट?"

"नाही गं," मी म्हटलं. "अजून ट्रायल बाकी आहे. फुल लोडवर चालवून बघायला लागेल. उद्याही कपडे आण."

तिने मशीनकडे पाहिलं. सगळे स्क्रू बसलेले, पत्रे जागेवर, हत्यारं पेटीत. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती दिवस चालंल ट्रायल?"

"पाऊस आहे तोवर तरी..."

"मग तुमचे कपडेपण यातच टाका," ती म्हणाली. "वेगळं मशीन कशाला लावता." आणि बादली उचलून गेली.

तेव्हापासून रोज बादली येते. काल मुलीने विचारलं, बाबा, शेवटी बिघाड काय होता? मी म्हटलं, कपडे कमी पडत होते.

प्रतिभा, तुझे आभार मानायचे राहिलेत. समोर मानले तर ट्रायल संपेल... म्हणून इथे मानतो.