परबचा नियम

"बाबा गेले," एवढंच अर्चना फोनवर म्हणाली. अर्चना ही आमच्या आत्माराम सरांची सून. मी तेव्हा मुरगावच्या प्रयोगशाळेत खनिजातलं लोखंड तपासत होते. हातातलं काम ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले... याला आता महिना झाला. पण गंमत अशी, की सरांची आठवण आली की रडू येत नाही, कुणालातरी त्यांच्याबद्दल भरभरून सांगावंसं वाटतं.

सर मूळचे गणिताचे. डिचोलीच्या आमच्या उच्च माध्यमिक शाळेत रसायनाची जागा रिकामी होती, म्हणून तो विषयही त्यांच्याच गळ्यात पडलेला. आज स्वतः शिकायचे, उद्या आम्हाला शिकवायचे, आणि नुकतंच काही कळल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावायचा नाही.

एके दिवशी वर्गात आयन शिकवणं चाललं होतं. लोखंडाच्या अणूत सव्वीस इलेक्ट्रॉन. त्यातले दोन गेले की आयन होतो. प्रश्न एवढाच, की ते दोन कुठून गेले? भरताना चौथ्या कवचातली फोर-एस ही जागा आधी भरते, तिसऱ्यातली थ्री-डी नंतर. म्हणून सरांनी फळ्यावर थ्री-डीमधले दोन पुसले. "शेवटी आले ते आधी गेले," म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, बसमधून उतरताना कोण कधी चढला ते कुठे बघतात? दाराशी असेल तो आधी उतरतो. चौथं कवच बाहेरचं ना?"

वर्ग हसला. सरही हसले. "बस गो बाय. ही बस नव्हे, रसायन."

सहामाहीत तोच प्रश्न आला. मी हट्टाने माझंच उत्तर लिहिलं. दोन गुण गेले, आणि नेमक्या दोन गुणांनी मी रसायनात नापास झाले. आम्ही परब, सावंतवाडीकडचे. वडील खनिजाचा ट्रक चालवायचे आणि नार्व्यात आम्ही भाड्याने राहायचो. ते शांतपणे म्हणाले, "सायन्स आपल्याक झेपाचा नाय. सोमवारी मी शाळेत येतंय, नाव काढूया." मलाही तसंच वाटायला लागलं होतं...

रविवारी सकाळी सरांची स्कूटर दारात. हातात पोदेराच्या बेकरीतले गरम उंडे पाव. वडील घाबरलेच. "सर, काय केल्यान आमच्या चेडवान?"

"माझी चूक काढली तिनं," सर म्हणाले. आणि ते असे हसत होते, जणू त्यांनाच पैकीच्या पैकी मिळाले. पेपर तपासल्यापासून त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून आदल्या दिवशी म्हापशाच्या कॉलेजात जाऊन विचारून आले होते. "आधी जातात ते फोर-एसमधले. थ्री-डीतले सहाच्या सहा तसेच राहतात. तिचं बरोबर, माझं चुकलं." आईने चहा आणला तो तसाच निवला. सर अंगणातल्या तांबड्या मातीत काडीने घरं आखून वडिलांना सगळं समजावत होते, आणि वडील उकिडवे बसून मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे भायलो आधी गेलो."

"तेच तर," सर म्हणाले.

नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी सरांनी भर वर्गात आपली चूक सांगितली आणि लाल शाईने माझे दोन गुण परत दिले.

परवा त्यांच्या घरी गेले होते. अर्चना पेडण्याच्या एका शाळेत रसायनच शिकवते. म्हणाली, "ताई, तुम्हाला ठाऊक नसेल. बाबा आयनांचा भाग दरवर्षी 'परबचा नियम' म्हणून शिकवायचे. मीही तसंच शिकवते. गेल्या वर्षी एका मुलीने पेपरात लिहिलं, 'परब या थोर शास्त्रज्ञाच्या नियमानुसार फोर-एसमधले इलेक्ट्रॉन आधी जातात.' मी बाबांना विचारलं, गुण कापू का?"

"मग?"

"म्हणाले, कापतेस कशाला? उत्तरात चूक कुठे आहे ते दाखव."