काळ्यावर कापूस: चार नखांसाठी अकोला ते अमरावती

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या फोनवर मेसेज आला. ‘पल्लवी, ख्रिसमसच्या नखांचा नमुना झाला का गं? काळ्यावर कापूस काढून देते म्हणाली होतीस. रूथ सिस्टर, अमरावती.’

पल्लवी आषाढात गेली. एकोणतीस वर्षांची होती. दम्याचा झटका आला. अकोल्यात एका पार्लरमध्ये कोपरा भाड्याने घेऊन ती नखांवर नक्षी काढायची. तिचा फोन मी चालू ठेवला आहे, रिचार्जही करते. का, ते सांगता येत नाही.

मेसेजचं उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग ठरवलं की अकोल्यात नमुना सापडला तर तो घेऊन जावं आणि समोर बसून सांगावं. एरवी या ब्लॉगवर मी बस कुठून मिळते, जेवण कुठे बरं आहे, असंच लिहिते. डिसेंबरात वऱ्हाडात जाणाऱ्यांना आणि ख्रिसमसला लाल-हिरव्याऐवजी काळी नखं करून बघायची इच्छा असणाऱ्यांना या लेखाचा उपयोग होईल असं वाटतं.

एक गोष्ट आधी सांगते. ती गेली त्या दिवशी मी जळगावहून अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा पल्लवीची नखं काळी होती, फक्त डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख उघडं होतं. त्यावर ऑक्सिजन मोजायची क्लिप लावलेली होती. जेलचा रंग सहज निघत नाही, घाई असेल तर खरवडावा लागतो, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. ती श्वासासाठी धडपडत असताना कोणीतरी तिचं बोट खरवडत होतं, हे चित्र तेव्हापासून डोक्यात बसलं. आईने तिथेच विचारलं होतं, “खरवडलं का गं तिचं नख?” मी तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

अकोला

जळगावहून सकाळच्या गाडीने अडीच तासांत अकोला येतं. स्टेशनबाहेर ऑटो मिळतात. भाडं आधी ठरवा. पार्लर वंदना वहिनींचं आहे. त्या स्वतः भुवया, फेशियल करतात, नखांना हात लावत नाहीत. मला पाहून त्यांनी हातातला दोरा सोडला, खुर्चीतल्या बाईला तसंच ठेवलं आणि उठल्या.

“तिचा कोपरा तसाच हाये, ताई. कोनाले बसू नाही दिलं तिथं.”

“वहिनी, माह्यी एकच भुवई झाली ना वं,” खुर्चीतली बाई म्हणाली.

“थांब वं जरा. एका भुवईनं काही मरत नाहीस तू.” आणि वहिनी मला कोपऱ्याकडे घेऊन गेल्या.

कोपऱ्यात टेबल, बाटल्या, रंग वाळवायचा दिवा होता. दिव्याशेजारी एक हात होता.

नखांचं काम शिकणारे असे हात वापरतात हे मला माहीत होतं. सिलिकॉनचा, मनगटापर्यंतचा, डावा हात. आत तार असते, त्यामुळे बोटं वाकवाल तशी राहतात. बोटांवर सुटी नखं सरकवून रंगवतात, मग ती काढून गिऱ्हाइकाला लावता येतात. ही बोटं जराशी वाकलेली होती. समोरच्याने आपला हात धरला असावा आणि मग काढून घेतला असावा, तशी. पाच महिने कोणी त्याला हलवलं नव्हतं.

त्यावर रूथ सिस्टरांचा नमुना होता. अंगठ्याच्या नखावर मंद काळा, चमक नसलेला रंग. त्यावर चर्चची उंच, टोकदार कमानीची खिडकी, सोन्याच्या रेघेने, केसाएवढी बारीक. मधल्या बोटावर काळ्यावर काटेरी फांदी आणि काट्याकाट्याला अडकलेले पांढरे पुंजके. अनामिकेवर नुकतीच विझलेली मेणबत्ती, नुसता वर जाणारा धूर. करंगळीचं नख आधी कोरं काळं वाटलं. हात कलता केला तेव्हा त्यात चांदणी दिसली. मंद काळ्यावर चकचकीत काळं, एवढंच. घरी करायला हाच प्रकार सगळ्यात सोपा आहे: खाली चमक नसलेला काळा रंग, आणि नक्षी फक्त पारदर्शक चकचकीत रंगाने काढायची.

अंगठ्याशेजारचं बोट उघडं होतं, त्यावर सुटं नख नव्हतं.

“आमाले वाटलं, हे एक राहूनच गेलं,” वहिनी म्हणाल्या. “त्याच रात्री तर नेलं तिले.”

तोच हात, तेच बोट. दवाखान्यात ज्यावर क्लिप होती तेच. मी वहिनींना म्हटलं, हे मी भरते.

“तुमाले येते?”

“नाही.”

काळी बाटली उघडली. रंगवायचं तर बोट धरावं लागतं. मी तो हात माझ्या डाव्या हातात घेतला आणि ती वाकलेली बोटं माझ्या बोटांत नेमकी बसली. पल्लवी गिऱ्हाइकाचा हात धरायची ती जागा. मी रंग लावला. कडेला ओघळला, वाकडा झाला. मग हात दिव्याखाली ठेवला. दिव्याची उष्णता लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी हात बाहेर काढला तेव्हा बोटं कोमट होती.

दवाखान्यात मी धरला होता तो हात गार होता.

वहिनींनी चहा मागवला. “मास्क लाव म्हटलं का म्हने, गिऱ्हाइकाशी बोलता नाही येत. खिडकी उघड म्हटलं का म्हने, धूळ बसते रंगावर. मी लय भांडली तिच्याशी, ताई.” त्या दुसऱ्या भुवईकडे परत गेल्या.

संध्याकाळी वहिनींना विचारून हात सोबत घेतला आणि बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी सातपर्यंत. हात पिशवीत घालून कपाटात ठेवला. मग तो आत बंद आहे या विचाराने बसवेना. काढून टेबलावर ठेवला, तर बोटं माझ्याकडे वळलेली. शेवटी भिंतीकडे वळवला आणि जेवायला गेले. झुणका-भाकर आणि ठेचा. ठेचा जपून घ्या.

दर्यापूरची वाट

अमरावतीला थेट जायला मूर्तिजापूरवरून हमरस्ता आहे, बसेसही भरपूर, बायकांना अर्धं तिकीट. मी दर्यापूरवरून गेले. ही वाट लांबची आहे, पण पल्लवीच्या फोनमध्ये याच रस्त्याचे फोटो होते, पाच-पन्नास, सगळे काट्यांचे. ते तिने का काढले ते मला कळलं नव्हतं.

दर्यापूरपर्यंत एसटी. रस्ता बराचसा चांगला, मधे मधे हाडं खिळखिळी करणारा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सकाळी तिच्यावर धुकं. कापसाची वेचणी चालू होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उंच भरून जातात आणि कडेच्या बाभळींना घासतात. मैलोन्मैल प्रत्येक काट्यावर कापूस लटकत होता. धुक्यात झाड दिसत नव्हतं, नुसते पांढरे पुंजके हवेत थांबलेले.

मधल्या बोटावरची ती फांदी. मेसेजमधला कापूस काट्यांवर का, ते आता कळलं.

दर्यापूरला आलूबोंडा आणि चहा घेऊन सामायिक जीपमध्ये बसले. एका सीटवर चौघी. शेजारी मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेतलेली म्हातारी होती. एका खड्ड्यात माझी पिशवी कलंडली आणि हात मनगटापर्यंत बाहेर आला.

“अगं माय!” म्हातारी ओरडली. “ओ बाई, कोनाचा हात व्हय हा?”

ड्रायव्हरने गाडी हळू केली. “काय झालं वो?”

“हात घेऊन चालली ही बाई! नुसता हात!”

“रबराचा आहे, आजी,” मी म्हटलं. “नखं रंगवायचा.”

“रबराचा? मंग त्याले कावून सजवून राहिली? बाकीची बाई कुठं हाये?”

सगळी जीप हसली. मीही हसले, आणि लगेच तोंड खिडकीकडे केलं. आजीने ते पाहिलं असावं. तिने हात उचलून मांडीवर घेतला, पदराने धूळ पुसली, एकेक नख जवळ नेऊन बघितलं.

“हे तं आमच्या रस्त्यावरची बाभूय हाये,” ती म्हणाली. मग काळं बोट दाबून पाहिलं. “चार एकीनं केले. हे दुसरीनं केलं. हो ना?”

“हो.”

“खराब केलं वं,” ती म्हणाली आणि हात माझ्या पिशवीत नीट झोपवून ठेवला.

अमरावती

रूथ सिस्टर दवाखान्यात नर्स आहेत, निवृत्तीला आलेल्या, एकट्या राहतात. दारावर कागदाची चांदणी लावलेली. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला, माझ्यामागे कोणी आहे का पाहिलं.

“तू तिची ताई. ती नाही आली?”

मी सांगितलं. त्या दारातच खुर्ची ओढून बसल्या. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कोणी उठलं नाही.

मग मी हात त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. खिडकी, काटे, धूर. करंगळी कलती करून चांदणी पाहिली. मग अंगठ्याशेजारच्या बोटावर थांबल्या.

“हे तिनं नाही केलं.”

“मी केलं. राहून गेलं होतं.”

“राहून नव्हतं गेलं, बेटा. हे बोट ती रंगवतच नव्हती.”

दोन वर्षांपूर्वी पल्लवी अमरावतीत एका नवरीची नखं करायला आली होती. तिथे तिला झटका आला. आम्हाला तिने हे कधीच सांगितलं नाही. वॉर्डमध्ये ड्यूटीवर रूथ सिस्टर होत्या. काळ्या रंगावरून क्लिप नीट वाचत नव्हती.

“मीच खरवडलं तेव्हा तिचं नख. आणि श्वास परत आल्याबरोबर पहिलं काय बोलली असेल? ‘सिस्टर, त्या बोटाले मले पाऊन तास लागला होता!’” त्या हसल्या आणि डोळे पुसले. “मी लय रागावली. म्हटलं, दमा हाये तर एक बोट दवाखान्यासाठी मोकळं ठेवत जाय. तेव्हापासून ठेवायची. माह्या सेटमधेही तेच बोट ठेवायची. म्हने, तुमचं वय झालं आता, सिस्टर, तुमालेही लागन.”

“म्हणजे अकोल्याला…”

“अकोल्याला कोनी नाही खरवडलं. ते आधीच उघडं होतं. क्लिप सरळ लागली असन.”

मी त्यांना पुन्हा एकदा तेच सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं.

जेवण झाल्यावर त्यांनी हातावरची चार नखं एकेक सरकवून काढली आणि स्वतःच्या डाव्या हाताला लावून पाहिली. नेमकी बसली. त्यांचं माप पल्लवीकडे होतंच. उजव्या हाताची व्हायची होती.

“एकाच हाताला घालाल?”

“पुरे. मेणबत्ती एकाच हातात धरतात.”

मी विचारलं, सणाला एवढं काळं कशाला. त्या म्हणाल्या, “तो जन्मला तेव्हा अंधारच होता ना. ड्यूटीवर तं जन्मभर नखं कापलेलीच. आता सुटीत घालते.”

माझं वाकडं काळं नख त्यांनी घेतलं नाही. ते हातावरच राहिलं.

परतताना अमरावतीत गिला वडा, म्हणजे तिथला दहीवडा, खाल्ला, आईसाठी संत्री घेतली. बडनेऱ्याहून दुपारची गाडी मिळाली. हात मांडीवर होता. चार बोटं उघडी, एक काळं. कोणी विचारलं नाही.

घरी

पंचवीस तारखेला पल्लवीच्या फोनवर फोटो आला. मेणबत्ती धरलेला हात, चार काळी नखं, एक मोकळं. ज्योतीच्या उजेडात करंगळीवरची चांदणी दिसत होती. मी तो आईला दाखवला आणि सिस्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

आईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “म्हणजे कोणी खरवडलं नाही.”

“नाही.”

“दुखलं नसेल मग. तेवढं तरी.”

मी कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवला, सिलिकॉनच्या बोटाच्या नखावर ठेवला, वर फॉइल गुंडाळलं. जेल काढायचा हाच मार्ग आहे, दहा मिनिटं लागतात, खरवडायची गरज पडत नाही. वाट बघताना वास खोलीभर पसरला. डोळे चुरचुरले. आईला खोकला आला.

“हाच वास दिवसभर घ्यायची का गं ती?”

मी उठून खिडकी उघडली. मग दुसरीही उघडली.