लग्नापुरती रजा
ओल्या हळदीचा वास आला की मला माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाची दुपार आठवते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भांडणात वडिलांच्या हातून माणूस गेला होता आणि ते ठाण्याच्या जेलमध्ये शिक्षा भोगत होते. माझ्या लग्नासाठी त्यांना पॅरोल मिळाला. काका जामीन राहिले, आणि रोज डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची अट होती. सासरी आम्ही सांगितलेलं, ते बोटीवर असतात. त्या दुपारी चाळीच्या मागे खाडीच्या वाऱ्यात चुलीचा धूर फिरत होता आणि वडील आचाऱ्यांजवळ पाठ करून कांदे चिरत बसलेले. उष्टी हळद घेऊन आलेल्या सासूबाईंनी सहज विचारलं, "हे कोण?" वडीलच पटकन म्हणाले, "मी शेजारचा." माझी मान खाली गेली. तेवढ्यात आई पुढे झाली. "शेजारचे नाहीत, मुलीचे वडील आहेत. जेलमधून रजेवर आलेत. लग्न मोडायचं तर आत्ताच सांगा." सासूबाई आचाऱ्यांमधून वाट काढत पुढे गेल्या. मग हळदीची वाटी वडिलांपुढे धरून म्हणाल्या, "लावा, तुमचीच मुलगी आहे." वडिलांनी ती हळद माझ्या गालांना नाही, पायांना लावली, आणि वर बघितलंच नाही. पाठवणी झाल्यावर, रजा उरलेली असतानाच ते परत गेले. जामीन राहिलेल्या भावाला कुणी बोलायला नको म्हणून. शिक्षा संपवून त्यांना घरी येऊनही आता किती वर्षं झाली, पण अजून ते माझ्या दारात चप्पल काढून उभे राहतात आणि विचारतात, "येऊ का गं?"