न झाडलेले कागद

माझी आई, कलावती, कोणाचंही काही विसरत नाही. कोणी चांगलं वागलं तर दुसऱ्याच दिवशी वाटीभर काहीतरी देऊन ती मोकळी होते. वाईट मात्र मुरवत ठेवते. माणसाने क्षमा करावी असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या नवऱ्याला कोणी रद्दीवर बसवलेलं नसतं.

ते रद्दीचं आधी सांगते. माझे बाबा, महिपत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत बत्तीस वर्षं होते. रंग भिंतीचा नव्हे, कापडाचा. पिंपातून पूड काढायची, चाळायची, वजन करून पिशव्या भरायच्या, हे त्यांचं काम. ती पूड अंगात मुरायची. घरी आल्यावर दोनदा आंघोळ करून, वजरीने कातडी सोलवटून घेतली तरी रात्री घाम आला की उशी गुलाबी व्हायची. आमच्या घरात पांढरी चादर कधी आली नाही. आई सगळं चॉकलेटी नाहीतर किरमिजी घ्यायची. सगळ्यांच्याच बाबांचा घाम गुलाबी असतो असं मला दुसरीपर्यंत वाटत होतं.

मी अकरा वर्षांची असताना बाबांच्या कंपनीतले मोठे अधिकारी, महाजन साहेब, यांनी ठाण्यात वर्तकनगरला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला बाबांना सहकुटुंब बोलावणं आलं. बाबांना कोण आनंद झाला. त्या दिवशी त्यांनी तीनदा आंघोळ केली आणि दिवाळीचा शर्ट घातला. आई आणि मी आत देवासमोर नारळ ठेवायला गेलो. बाहेर आलो तर साहेबांच्या बायको, मंदाकिनीबाई, आपल्या पांढऱ्या सोफ्याच्या एका टोकाला वर्तमानपत्र पसरत होत्या. चारही कडा त्यांनी हाताने सारख्या केल्या आणि बाबा त्यावर बसले. बाकी पाहुणे नुसत्या सोफ्यावर. बाबा जरा हलले की कागद करकरायचा, तो करकरला की लोक वळून बघायचे. मग बाबा हलेचनात. पाऊण तास ते तसेच बसून होते, प्रसादाची वाटी मांडीवर न टेकवता.

आई बसलीच नाही. गुडघे दुखतायत म्हणाली. तेव्हा ती चाळिशीत होती आणि तिचे गुडघे ठणठणीत होते. घरी आल्यावर तिने कणीक मळली, आमटी टाकली, आणि परातीकडे बघत "मंदाकिनी महाजन" एवढं नाव एकदा उच्चारलं. त्यानंतर एकोणीस वर्षं ते नाव तिच्या तोंडून आलं नाही. ते मुरत होतं हे मला ठाऊक होतं, कारण मीही त्याच आईची मुलगी आहे.

बाबा निवृत्त झाले आणि घरात नुसते बसायला लागले. त्यांना कामाला लावायचं म्हणून आईने कागद रंगवायचं खूळ काढलं. आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, रिकामी फरशी आहे. तिथे रविवारी सकाळी जाड हातकागद अंथरायचे, पाण्याने भिजवायचे आणि मिठाच्या डबीतून रंगाची पूड भुरभुरायची. पूड जिथे पडेल तिथे थांबत नाही, एकेका कणातून रंग फुटून धावत सुटतो. दोन महिन्यांत सोसायटीतल्या निम्म्या बायका जुने गाऊन घालून हजर राहायला लागल्या. कोणी केरसुणी रंगात बुडवून झटकायचं, कोणी नातवाची तीनचाकी सायकल कागदावरून न्यायचं, कोणी साबणाचा फेस नळीने फुंकून कागदावर फोडायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या विनिताकाकू गॅलरीतून रंगवलेला स्पंज खाली सोडायच्या. एकदा तो सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर पडला, त्यावरून एक सभा झाली. साठीच्या बायका निळ्या कोपरांनी आणि हिरव्या कपाळांनी घरी जायच्या. त्या कागदांची पाकिटं, पिशव्या, वह्यांची कव्हरं व्हायची, आणि लोक हौसेने न्यायचे.

या सगळ्या गोंधळात बाबांचा एकच नियम होता आणि तो मोडलेला त्यांना चालत नसे. कागद वाळला की त्यावर न भिजलेले बारीक कण उरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक कागद उघड्यावर नेऊन, कोरड्या मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडायचा आणि मगच कोणाच्या हातात द्यायचा. घरात पूड सांडलीच तरी तीही कोरडीच झाडायची. ओलं फडकं लावलं की एका कणाचा हातभर डाग होतो, आणि पुसाल तितका पसरतो. कंपनीत पहिल्या दिवशी त्यांना हेच शिकवलं होतं.

मागच्या वर्षी आमच्या समोरच्या नव्या टॉवरमध्ये महाजन साहेब राहायला आले. मुलगा डोंबिवलीत, म्हणून ठाण्याचं घर विकलं. पंधरा दिवसांत मंदाकिनीबाई रविवारच्या गोंधळात हजर. आईला बघून क्षणभर थबकल्या आणि मग आनंदाने म्हणाल्या, अय्या, तुम्ही आपल्या महिपतच्या मिसेस ना. आपल्या महिपतच्या! बाबा त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान आहेत. आई हसली, त्यांना एक जुना गाऊन दिला, हातात केरसुणी दिली, वर चहाही दिला. मला धडकीच भरली. आई ज्यांच्यावर नुसती चिडते त्यांना ती शिव्या देते. इतकं गोड ती कधीच वागत नाही.

मंदाकिनीबाई वाईट नव्हत्या, हे मलाही कबूल करावं लागेल. मनापासून खेळायच्या, रंग नाकात गेला तरी हसायच्या. मार्चमध्ये त्यांनी आईला गळ घातली. साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, घरी मोठा समारंभ होता, आणि हॉलची एक अख्खी भिंत आईच्या कागदांनी सजवायची होती. गुलाबी आणि जांभळे हवेत, म्हणाल्या, पांढऱ्या हॉलमध्ये खुलून दिसतील. सोफा तसलाच पांढरा, पडदे पांढरे, गालिचासुद्धा पांढरा.

आईने चौदा कागद केले. खोटं कशाला बोलू, त्याहून सुंदर कागद तिने आजवर केलेले नाहीत. पहाटे उठून करायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. कागद वाळल्यावर ब्रश घेऊन बाबा पुढे आले तर आई म्हणाली, राहू द्या, मी झाडते. मी खिडकीत उभी होते. तिने ब्रश नुसता शेजारी ठेवला. मग मिठाची डबी घेतली आणि एकेका कागदावर, शेव भुरभुरावी तशी, पुन्हा एकेक चिमूट कोरडी पूड टाकली. वर दुसरा कागद. त्यावर पुन्हा चिमूट. गठ्ठा दोरीने बांधून तिने मला हाक मारली आणि समोर पोचवून यायला सांगितलं. मी वाटेत गठ्ठा झाडू शकले असते. मी तो दोन्ही हातांनी, आडवा धरून, अगदी जपून नेला.

पुढचं शालूने सांगितलं. ती आमच्याकडेही भांड्याला येते आणि त्यांच्याकडेही. समारंभाच्या सकाळी मुलाने कागद भिंतीवर लावले, पंखा फुल्ल सोडला, पूड हॉलभर उडाली, आणि कोणाला काही दिसलं नाही. मग पाहुणे यायला लागले. कोणाचा तरी सरबताचा ग्लास कलंडला आणि सोफ्यावर टिकलीएवढा गुलाबी ठिपका उमटला. शालू म्हणाली, थांबा, मी महिपतकाकांना विचारून येते. साहेबांनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः ओला नॅपकिन आणला. रंगाच्या कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस! पूड त्यांनी हिशेबाच्या कागदावरच पाहिली होती, टनात. त्यांनी पुसलं, ठिपक्याचा पट्टा झाला. मग मंदाकिनीबाईंनी पुसलं. मग सुनेने पोछा मारला. जेवणाच्या वेळेपर्यंत सोफा, गालिचा, पडद्यांच्या कडा आणि पाहुण्यांच्या पायांचे तळवे गुलाबी झाले होते. साहेबांच्या सिल्कच्या झब्ब्याची पाठ मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या हाताने पुसली, म्हणून ती सगळ्यात गडद. लोक जेवायला उभेच राहिले. कोणी बसायला धजेना.

हे ऐकताना आई शेंगा सोलत होती. तिने एकही शेंग चुकवली नाही. मला काय वाटलं ते सांगते: मला अतिशय बरं वाटलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. बाबांनी ऐकून घेतलं, "आलोच साहेब" म्हणाले आणि पिशवी भरायला लागले. मऊ ब्रश, कोरडी फडकी, आणि रंग उतरवायची ती पांढरी पूड, जिने ते कंपनीत हात धुवायचे. चपला घालताना त्यांचं आईकडे लक्ष गेलं.

"कागद झाडले नव्हतेस ना?"

"नाही."

बाबांनी कारण विचारलं. आईने सांगितलं. एकोणीस वर्षांचं तिने दोन मिनिटांत सांगितलं, आवाज न चढवता, पेपरच्या चारही कडा कशा सारख्या केल्या तेसुद्धा. बाबा खाली स्टुलावर बसले.

"अगं, त्यांनी आपणहून नव्हता दिला तो. मीच मागितलेला. तू आत नारळ ठेवायला गेलेलीस, तेव्हा वहिनींना मीच म्हणालो, काहीतरी अंथरा, डाग पडेल."

मी आईकडे बघूच शकले नाही. इतकी वर्षं मुरवलेलं सगळं चुकीच्या माणसाच्या नावाने होतं की काय, असं मला वाटलं. आता ही उठेल, बाबांबरोबर जाईल आणि हात जोडेल. आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही मागितलात, तरी त्यांनी द्यायचा नव्हता," ती म्हणाली. "सोफा खराब झाला तर होऊ दे, तुम्ही बसा, असं एकदा म्हणायचं होतं. एकदाच. मी तर घरातली प्रत्येक उशी दिली तुम्हाला."

बाबा स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नखांच्या कडेला अजून थोडा रंग आहे. त्यांना कोणावर रागावलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. युनियनच्या संपातसुद्धा ते घोषणा तोंडातल्या तोंडात द्यायचे, असं त्यांचे मित्र सांगतात. पण त्या दिवशी त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले, आणि तो लाल कंपनीतला नव्हता.

फोन पुन्हा वाजला. साहेबच होते. किती वेळ लागेल, तोवर आम्ही काय करू, असं काहीतरी मोठ्या आवाजात विचारत होते, मला लांबूनही ऐकू येत होतं. बाबांनी चपला काढल्या, पायाने भिंतीकडे सरकवल्या.

"मला आज जमणार नाही साहेब," ते म्हणाले. "तुम्ही ओल्या फडक्यानेच पुसत राहा. पाणी भरपूर घ्या."