दुसऱ्या भागाआधीची हजेरी

आफ्रिकेच्या पोस्टिंगला निघताना किटच्या वजनाला मर्यादा होती. तरीही लान्स नाईक मारुती कदमने बेडिंगच्या आत एक जाडजूड कादंबरी कोंबली. मी तेव्हा हवालदार होतो, त्याचा सेक्शन कमांडर. किट चेक करताना ती माझ्या हाताला लागली.

"हे काय?"

"पुस्तक, साब."

"एवढं मोठं?"

"पोस्टिंग पण वर्षाची हाय, साब."

मी ते परत बेडिंगमध्ये सरकवलं आणि पुढच्या जवानाचं किट उघडायला लावलं.

कादंबरी जुन्या काळातल्या गुलामगिरीवरची होती, मराठीत भाषांतर केलेली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एका आईला आणि तिच्या मुलीला जहाजात कोंबून नेतात. पलीकडच्या बाजारात आई एकाला विकली जाते, मुलगी दुसऱ्याला. आम्ही निळी हेल्मेटं घालून शांतिसेनेत त्याच खंडावर निघालो होतो. जिथे जायचं तिथलं काहीतरी वाचलेलं बरं, असं मारुतीचं म्हणणं. तो परत आला नाही. पुस्तक त्याच्या सामानाबरोबर साताऱ्याकडे त्याच्या घरी गेलं.

आता त्या कादंबरीचा दुसरा भाग मराठीत आला आहे. मी सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या चाळीत राहतो. आफ्रिकेत आमच्याबरोबर नर्सिंग असिस्टंट असलेला जोसेफ गिरगावचा. त्याच्या सात पिढ्या तिथेच गेल्या, असं तो स्वतःच सांगतो. त्याच्या डोळ्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, वाचायला मनाई आहे. म्हणून तो दुपारचा टॅक्सी करून येतो, गॅलरीत खुर्ची टाकतो आणि मी मोठ्याने वाचतो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला कंटाळा आला. पहिल्या भागात जहाज होतं, बाजार होता, चाबूक होता, मळ्याला लागलेली आग होती. दुसऱ्या भागात गुलामी संपलेली आहे. सुटलेली माणसं जमिनीचा तुकडा शोधतात, छप्पर घालतात, एकमेकांशी भांडतात आणि हरवलेल्यांची चौकशी करत गावोगाव फिरतात. चार प्रकरणं झाली तरी एक गोळी सुटली नाही.

मी म्हटलं, "पहिल्यात दम होता रे. यात नुसतं जगणंच चाललंय."

जोसेफ म्हणाला, "तू वाचायचं काम कर. मत कोणी मागितलं?"

त्याच आठवड्यात मानसीचा फोन आला. मानसी म्हणजे मारुतीची मुलगी. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. आजोळी वाढली, शिकली आणि गेल्या वर्षी लोअर परळला नोकरीला लागली. माझे वडील ज्या गिरणीत साचे चालवायचे तिथे आता काचेचा टॉवर आहे, त्यात तिचं ऑफिस. माझ्या चाळीपासून चालत जाण्याइतकं जवळ. तरी वर्षभरात ती दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा आईने पाठवलेलं लोणचं दारातच देऊन गेली होती.

"काका, बाबा वाचायचे त्या पुस्तकाचा दुसरा भाग आलाय. तुम्हाला माहितेय?"

"वाचतोय आम्ही. मी आणि जोसेफ."

"रविवारी येऊ? मला एक विचारायचंय. आईला विचारलं की ती उठून आत जाते."

रविवारी दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातातही दुसऱ्या भागाची कोरी प्रत होती. जोसेफ काळा चष्मा लावून बसला होता. ती चप्पल काढून बसते न बसते तोच बोलायला लागली, तेव्हा आमच्या घरातून हुकूम आला, "आदी चाय घे गो बाय, मगे काय ता बोल." आमच्या घरात रँक माझी, कमांड बायकोची, पुष्पाची. मानसीने चहा घेतला आणि कप खाली ठेवला.

"काका, बाबा ज्या लोकांना वाचवताना गेले ते लोक जगले का?"

मी जोसेफकडे पाहिलं.

"मी लहानपणापासून चिडलेय त्यांच्यावर. माझे बाबा त्यांच्या वाट्याला आले, माझ्या नाही आले. आणि शेवटी ते पण मेले असतील तर मग..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

मी घसा साफ केला आणि सांगायला लागलो. पोस्टचं ठिकाण, कॉन्व्हॉय निघाल्याची वेळ, गाड्यांचा क्रम, फायर कोणत्या बाजूने आला, आम्ही कसा जवाब दिला. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"काका, हे सगळं आईकडच्या कागदात आहे."

जोसेफने कपाळावर हात मारला. "याला माणसांबद्दल विचारलं तर हा कोर्ट ऑफ इन्क्वायरीला स्टेटमेंट देतो. नीट सांग रे."

मग मी नीट सांगितलं.

आमची पोस्ट नदीच्या वळणावर होती. चारी बाजूंनी वाळूच्या गोण्या, त्यापलीकडे काटेरी तार, त्यापलीकडे जंगल. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज, मग गस्त, दुपारी हत्यारांची साफसफाई, संध्याकाळी रोल कॉल, म्हणजे हजेरी. रोल कॉल झाला की जेवणापर्यंतचा वेळ आमचा. त्या वेळात मारुती गोणीवर बसून कादंबरी वाचायचा आणि आम्ही ऐकायचो. त्याचा आवाज खणखणीत होता.

वाचनाआधी तो स्वतःचा वेगळा रोल कॉल घ्यायचा. आमची हजेरी घेणाऱ्या कंपनी हवालदार मेजरसारखी मान ताठ करून तो एकेकाचं नाव पुकारायचा आणि ज्याने त्याने "हाजिर, साब" म्हणायचं. शेवटी स्वतःचं नाव पुकारून स्वतःच हाजिर म्हणायचा. झोपलेल्याच्या नावाला दुसऱ्या कुणी जवाब दिला तर त्या दिवशी वाचन बंद. हा नियम मात्र थट्टेचा नव्हता. फौजेत रोल कॉलला दुसऱ्याच्या नावावर हाजिर म्हणणं हा गुन्हा आहे. रंगरूट असताना मी एकदा मित्रासाठी तसं केलं होतं. त्याच्या शिक्षेचा जो रगडा लागला तो माझ्या गुडघ्यांना अजून आठवतो.

एका दुपारी जंगलातून माणसं बाहेर आली. बायका, पुरुष, दोन मुलं, एक म्हातारा. हात वर करून तारेजवळ उभी राहिली. आमच्याकडे एक दुभाष्या होता, त्याने विचारून सांगितलं. आत दूरवर एक खाण होती आणि ती एका हत्यारबंद टोळीच्या ताब्यात होती. या माणसांना गावांतून पकडून तिथे खणायला लावलं होतं. मजुरी नाही, सुट्टी नाही, बाहेर जायची वाट नाही. पळालेला सापडला तर सगळ्यांसमोर मारायचे. ही गोष्ट कादंबरीतल्या काळाची नव्हती, मोबाईल फोनच्या काळाची होती.

आम्ही त्यांना तारेच्या आत दोन तंबू दिले. संध्याकाळी आमचा रोल कॉल चालला की ती माणसं तंबूच्या दारात उभी राहून बघायची. त्यांच्यात ओडेट नावाची एक तरुण बाई होती. उंच, हाडकुळी, नजर सारखी जंगलाकडे. मारुती वाचायला बसला की ती जवळ येऊन बसायची. तिला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. तो प्रार्थना म्हणतोय, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मारुतीने कादंबरीचं शेवटचं पान वाचलं. शेवटी गुलामांना मोकळं करतात आणि ती आई मुलीला शोधायला रस्त्याला लागते. तिथे पुस्तक संपतं. आमच्यात वाद सुरू झाला. मुलगी सापडेल, नाही सापडणार. कुणी म्हणालं, हा काय शेवट झाला? ओडेटने दुभाष्याला विचारलं, हे कशावरून भांडतात? त्याने तिला गोष्ट थोडक्यात सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते, ही बाई जगते का?"

मारुती म्हणाला, "पयल्या भागात तर जगली. खरी गोष्ट आता सुरू व्हनार. दुसरा भाग यायलाच पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांना मोठ्या कॅम्पवर पोचवायचं होतं. पुढे माझी जीप, मध्ये लोकांचा ट्रक, मागे आमची आणखी एक गाडी. ट्रकमध्ये लोकांबरोबर मारुती होता. वाटेत एका नाल्यावर लाकडी पूल आहे. जीप पार झाली. ट्रकचं पुढचं चाक फळीत रुतलं आणि त्याच वेळी डाव्या झाडीतून फायर सुरू झाला. टोळी खाणीतून पळालेली माणसं परत न्यायला आली होती.

मी रेडिओवर बोललो. "टायगर, टायगर, मी टायगर टू. कॉन्टॅक्ट. ट्रक पुलावर अडकलाय. ओव्हर."

"टायगर टू, होल्ड करा. मदत निघाली. ओव्हर."

मारुतीला उडी मारून नाल्यात जाता आलं असतं. इतर कुणीही तेच केलं असतं, आणि त्यात काही चूक नव्हती. तो वर उभा राहिला आणि उजव्या बाजूने एकेकाला खाली सोडायला लागला. आधी मुलं, मग म्हातारा. खाली जोसेफ झेलत होता. ओडेट मारुतीच्या बाजूला उभी राहून माणसं पुढे देत होती, म्हणून ती शेवटची राहिली. तिने उडी मारली. त्याने मारली नाही.

"टायगर टू, कॅज्युअल्टी? ओव्हर."

मी ट्रककडे पाहिलं. जोसेफ वर चढला होता, मारुतीजवळ गुडघ्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"वन. फेटल. ओव्हर."

गॅलरीत जोसेफने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मानसी खाली फरशीकडे बघत होती. मी पुढे सांगत राहिलो, कारण थांबलो असतो तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मदत आली, टोळी पळाली. लोकांना घेऊन आम्ही पोस्टवर परतलो. दुपारी हेलिकॉप्टर मारुतीला घेऊन गेलं. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला रोल कॉल झाला. यादीतून त्याचं नाव अजून कापलं नव्हतं. हवालदार मेजर सवयीने वाचत गेले आणि ते नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. "लान्स नाईक मारुती कदम."

हवालदार मेजरनी मान वर केली नाही.

मागून, तंबूच्या दारातून आवाज आला. "हाजिर, साब."

ओडेट होती. आम्ही सगळे वळलो. कुणीतरी रागावलाही, अशा वेळी ही काय थट्टा म्हणून. हवालदार मेजरनी दुभाष्याला पाठवलं. तो तिच्याशी बोलला, परत आला आणि सगळ्यांसमोर सांगू लागला. खाणीत रोज सकाळी नावं पुकारून हजेरी घ्यायचे. रात्रीतून कुणी पळालेलं असलं की मागे राहिलेल्यांपैकी एकजण त्याच्या नावाला जवाब द्यायचा. पकडला गेला तर मरायचा. ओडेट पळाली त्या सकाळी तिच्या नावाला तिच्या थोरल्या बहिणीने जवाब दिला होता. बहीण मागेच राहिली.

हवालदार मेजरनी विचारलं, "पण असं का करतात?"

दुभाष्या म्हणाला, "जो गेला त्याला लांब जाता यावं म्हणून."

हवालदार मेजर नियमाचे पक्के होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, यादीवर खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

माझं सांगून झालं. खाली रस्त्यावर कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता. मानसीने विचारलं, "मग? जगले का ते?"

"म्हातारा पुढे तापाने गेला. बाकी सगळे आम्ही तिथून निघेपर्यंत होते. मोठ्या कॅम्पवर त्यांना जागा मिळाली, मुलं शाळेत बसायला लागली. ओडेट गेटवर तळलेली केळी विकायची."

जोसेफ म्हणाला, "करपलेली द्यायची. मी बोललो तर भांडायला उठायची. एकदा तर झारा घेऊन माझ्या मागे लागली होती."

"केळी?" मानसी म्हणाली आणि हसली. हसता हसता रडायला लागली. पुष्पा आतून येऊन तिच्याजवळ बसली. मला वाईट वाटत होतं आणि फार मोकळंही वाटत होतं. मारुती कसा गेला हे इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी विचारलं. मागे कोण राहिलं, हे विचारणारी ही पहिलीच.

डोळे पुसून तिने विचारलं, "आणि आता? आता ती कुठे असेल?"

"माहीत नाही. आमची पोस्टिंग संपली. पुढचं मला माहीत नाही."

तिने हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं. "यातली आई मुलीला शोधते, तशी ती बहिणीला शोधत असेल."

मला माझंच बोलणं आठवलं, यात नुसतं जगणंच चाललंय हे. जोसेफलाही आठवलं असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितलं. पण तो भला माणूस आहे, काही बोलला नाही.

"कुठपर्यंत आलात तुम्ही?" मानसीने विचारलं.

"पाचवं प्रकरण."

"मी पहिल्यापासून वाचते. मोठ्याने. चालेल?"

"चालेल," जोसेफ म्हणाला. "पण आधी रोल कॉल. सावंत, घे."

मी खुर्चीत ताठ बसलो. आधी स्वतःचं नाव पुकारून हाजिर म्हटलं. मग जोसेफचं पुकारलं.

"हाजिर, साब."

"पुष्पा सावंत?"

"हयच आसंय."

मानसीचं नाव घेतलं. तिने हाजिर म्हटलं. मग मी थांबलो. जोसेफने मान खाली घातली होती. मी पुकारलं, "लान्स नाईक मारुती कदम."

"हाजिर, साब," मानसी म्हणाली.

दुसऱ्याच्या नावाला जवाब देणं हा गुन्हा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता.