दाजींनी रचलेलं चहाचं दुकान

आमचे दाजी, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान, गाइडबुकांची परीक्षा घ्यायचे. असा उद्योग करून पोट भरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शहराचं गाइड छापणाऱ्या एका मालकानं त्यांना नोकरीला ठेवलं होतं. घरचं पुस्तक आणि परक्यांची पुस्तकं खिशात कोंबून हा माणूस उन्हातान्हात गावभर हिंडे. संग्रहालयाचं वर्णन किती गोड लिहिलंय, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. वाऱ्यात उभं राहून नकाशा एका हातानं उघडतो का? मूल कडेवर घेतलेल्या बाईला शौचालयाचं पान पटकन मिळतं का? नाही? मग पुस्तक नापास. लग्नाच्या वेळी मी त्यांना डिवचलं होतं, "दाजी, आमच्या बहिणीची तपासणी केलीत ना?" तर शांतपणे म्हणाले, "केली. अनुक्रमणिका नाही, पण वाचनीय आहे."

बहीण अगदी माझ्या वळणावर गेलेली. गल्लीत कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्या दोघांच्या आधी तिला कळायचं. तिला चहाचं दुकान काढायचं होतं. निळं दार, चार खुर्च्या आणि भरपूर गप्पा. "छापा हो एकदा माझं दुकान तुमच्या पुस्तकात," म्हणून ती दाजींच्या मागे लागायची. दुकान काढायचं राहून गेलं आणि एका तापात तीच गेली.

आता या धंद्यातली एक खोडी सांगतो. आपली मेहनत कोणी जशीच्या तशी उचलू नये, म्हणून प्रत्येक गाइडात एक अस्तित्वात नसलेलं ठिकाण घालून ठेवतात. त्याला ते लोक सापळा म्हणतात. ते ठिकाण दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं की चोर सापडला. ती गेली त्या वर्षी सापळा रचायचं काम दाजींकडे आलं. त्यांनी काय करावं? कापड रंगवणाऱ्या कारखान्यामागे एक बोळ आहे, पुढे भिंत लागून संपतो. तिथे त्यांनी निळ्या दाराचं चहाचं दुकान छापून टाकलं. मालकाला काय ठाऊक! ते दुकान कोणाचं, हे कळलं ते मलाच.

पुढच्या वर्षी शेजारच्या छापखान्याचं गाइड निघालं आणि त्यात ते दुकान होतं. मालकाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यानं त्या छापखानेवाल्याला बोलावून घेतलं. तो आपल्या लेखिकेला घेऊन आला. असा तमाशा फुकट पाहायला मिळत असताना मी घरी कसा बसेन? कोपऱ्यातलं स्टूल मी आधीच पकडून ठेवलं होतं.

"चोरी कबूल करा," मालक म्हणाला.

"कसली चोरी? मी स्वतः गेले होते," लेखिका फणकारली. "चहा प्यायले तिथे."

"अहो बाई, तिथे भिंत आहे!"

"भिंतीच्या अलीकडे दार आहे. बाई भारी बोलक्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, शेवटचा घोट कोणासाठी ठेवलात?"

माझ्या अंगावर काटा आला. दाजींना कपात थोडा चहा ठेवून उठायची सवय, आणि बहीण रोज सकाळी त्यांना हेच, याच शब्दांत बोलायची. हे काही पुस्तकात छापलेलं नव्हतं.

"सांगा हो यांना, असं ठिकाण नाही म्हणून," मालक दाजींकडे वळला. "तुमच्या एका शब्दावर यांचं पुस्तक बाजारातून उठेल."

दाजी पांढरे पडले होते. "पाहिल्याशिवाय मी कुठल्याच ठिकाणाबद्दल बोलत नाही," ते म्हणाले. "बघून येतो."

भर दुपारी आम्ही दोघं निघालो. बोळाच्या तोंडाशी माझे पाय अडले. "दाजी, तुम्ही व्हा पुढे, मी इथे लक्ष ठेवतो," असं म्हणालो. कशावर लक्ष ठेवणार होतो, देव जाणे. दाजींनी टोपी नीट केली, बाहीनं चेहरा पुसला आणि आत गेले. ऊन रणरणत होतं, तरी बोळातून गार हवा येत होती. थोड्या वेळानं ते परत आले.

"काय दिसलं?"

"भिंत."

"सुटलो बुवा!"

"हात लावून पाहिला. एका जागी भिंत उबदार होती," एवढंच बोलून ते चालू लागले.

कचेरीत सगळे ताटकळत होते. मालकानं विचारलं, "मग? नाही ना?"

"आहे," दाजी म्हणाले.

"अहो, तुम्हीच रचलंत ना ते!"

"मीच रचलं. पण नाही असं माझ्या तोंडून निघणार नाही. एकदा ती नाही म्हणून सगळ्या गावाला सांगून झालंय माझं."

त्या एका शब्दापायी दाजींची नोकरी गेली. ते ठिकाण मालकानं पुढच्या आवृत्तीतून काढून टाकलं. लेखिकेच्या पुस्तकात ते अजून आहे. ते घेऊन प्रवासी बोळात शिरतात. काहीजण भिंत पाहून शिव्या घालत परततात. काहीजण बऱ्याच उशिरा बाहेर येतात. दाजी नाक्यावर उभे राहून त्यांना अडवतात आणि विचारतात, "पुस्तक उपयोगी पडलं का?"

मी मात्र बाजाराकडे जाताना लांबचा रस्ता धरतो. बहीण माझीच आहे, मान्य. पण माझ्या या वयात तिनं आतून हाक मारली, तर तिला नाही म्हणायची हिंमत माझ्यात कुठून येणार?